शाळकरी मुलांच्या भावनिक आणि वर्तनविषयक अडचणी: खरे प्रमाण किती?

करवीरकर (धागाकर्ता)

नमस्कार. कोल्हापूर शहरालगतच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक प्रतिनिधी आहे. गेल्या पालक सभेत एका वक्त्यांनी ‘दर चार मुलांमागे एकाला मानसिक समस्या असते’ असे विधान केले आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतल्या एका आईने शेजारणीला ‘म्हणजे आपल्या चौघींत कुणाचं?’ असे विचारलेले मला स्पष्ट ऐकू आले. सभा संपल्यावर शाळेतल्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी मात्र ‘अख्ख्या वर्गात एखादे मूल तसे निघते, बाकी सगळी वयाची मस्ती’ असे सांगून विषय मिटवला. या दोन टोकांमध्ये खरे काय, हे पाहण्यासाठी मी उपलब्ध अभ्यास वाचायला घेतले आणि गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला.

मला सापडलेले आकडे असे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने बंगळुरूत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ते १२.५ टक्के होते. गोव्यात १२ ते १६ वयाच्या मुलांमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेला आकडा अवघा १.८१ टक्के आहे. २०१४ मध्ये भारतातील अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीत घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत ६.४६ टक्के, तर शाळांमध्ये केलेल्या पाहण्यांत २३.३३ टक्के मुले आढळली. वक्त्यांचे ‘चारात एक’ बहुधा या शेवटच्या आकड्यावरून आले असावे.

आमच्या शाळेचा पट साधारण ४०० आहे. गोव्याचा आकडा लावला तर ७ मुले होतात, आणि शाळांतील पाहण्यांचा लावला तर ९३. समितीला समुपदेशनासाठी काही तरतूद करायची आहे; पण ७ मुलांसाठी करायची तरतूद आणि ९३ मुलांसाठी करायची तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देश तोच, मुले त्याच वयाची, मग एवढी तफावत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अंशछेद

आपण आकडे नीट मांडल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. ही तफावत मुलांमधली कमी आणि मोजण्याच्या पद्धतीतली जास्त आहे.

पहिला मुद्दा असा की बहुतेक शालेय पाहण्या प्रश्नावलीवर उभ्या असतात. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली एसडीक्यू ही २५ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. भावनिक लक्षणे, वर्तन, अतिचंचलता, सवंगड्यांशी संबंध आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती अशा पाच भागांत प्रत्येकी पाच विधाने असतात. शेवटचा भाग वगळून उरलेल्या २० विधानांचे गुण मिळवले की ० ते ४० मधला एक आकडा हाती येतो. पालकांनी भरलेल्या नमुन्यात १३ पर्यंत ठीक, १४ ते १६ काठावर आणि १७ पासून पुढे चिंताजनक, अशी मूळची वर्गवारी आहे. आता ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की या सीमारेषा ब्रिटिश मुलांच्या गुणांवरून, साधारण दहा टक्के मुले वरच्या गटात आणि दहा टक्के काठावर पडतील अशा बेताने ठरवलेल्या होत्या. कुणी काठावरची मुलेही ‘समस्याग्रस्त’ म्हणून धरली, तर तिथल्या तिथे वीस टक्क्यांचा आकडा तयार होतो. त्याच सीमारेषा हातकणंगले किंवा भुदरगडच्या मुलांना जशाच्या तशा लावल्या तर जे येईल त्याचा अर्थ लावताना जपून राहावे लागते.

दुसरा मुद्दा, उत्तर कोण देतो. थॉमस अचेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एकाच मुलाविषयी आई आणि वडील यांच्या मतांतील सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सरासरी ०.६० निघाला, पण पालक आणि शिक्षक यांच्यासारख्या वेगवेगळ्या भूमिकांतील माणसांच्या मतांतील सहसंबंध फक्त ०.२८ होता. मूल स्वतःविषयी जे सांगते आणि मोठी माणसे त्याच्याविषयी जे सांगतात त्यांतील सहसंबंध तर ०.२२ एवढाच होता. म्हणजे वर्गशिक्षकांनी दाखवलेली दहा मुले आणि पालकांनी दाखवलेली दहा मुले यांत सामाईक नावे थोडीच असतात. शिक्षक ‘किंवा’ पालक यांपैकी कुणीही बोट दाखवले की मोजायचे, असे ठरवले तर आकडा फुगतो. दोघांनीही दाखवले तरच मोजायचे, असे ठरवले तर तो निम्म्याहूनही खाली येऊ शकतो.

तिसरा मुद्दा प्रश्नावलीनंतर काय केले याचा. ज्या अभ्यासांत प्रशिक्षित माणसाने मुलाशी आणि घरच्यांशी बसून मुलाखत घेतली आणि ठरलेल्या निकषांवर निदान केले, तिथले आकडे खाली येतात. गोव्याचा आकडा अशा निदानाचा आहे. म्हणून ७ आणि ९३ यांची सरासरी काढण्याच्या भानगडीत पडू नये. त्या दोन वेगळ्या गोष्टींच्या मोजण्या आहेत.

आणखी एक. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या त्या फेरीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, त्यामुळे ७.३ टक्के हा आकडा ‘आपल्याकडचा’ म्हणून सांगता येणार नाही. त्याच सर्वेक्षणात महानगरांतील किशोरवयीनांचे प्रमाण १३.५ टक्के आणि ग्रामीण भागातील ६.९ टक्के आले होते. कोल्हापूर ना महानगर, ना निखळ खेडे.

फळा_खडू

मी हातकणंगले तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. अंशछेद यांनी शिक्षक आणि पालक यांच्या मतांतील अंतराविषयी लिहिले आहे, त्यावर वर्गातून जे दिसते ते सांगते.

चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला कोण ‘दिसते’, तर जे मूल तास मोडते ते. मारामारी करणारा, बाकावरून उठून फिरणारा, दुसऱ्याचा डबा उघडणारा, उलट उत्तर देणारा. आमच्याकडे असल्या मुलाला वांड म्हणतात आणि शिक्षक खोलीत त्याचे नाव रोज निघते. आम्हाला कुणी ‘तुमच्या वर्गातली अडचणीतली मुले सांगा’ म्हटले, की पहिली चार नावे तोंडावर असतात आणि ती चारही बहुतेक मुलग्यांची असतात.

माझ्या वर्गात मागे एक मुलगी होती. तिच्या वह्या इतक्या नीटनेटक्या असत, की मी त्या इतर मुलांना दाखवत असे. एकदा गणिताच्या तासाला तिच्या बाकाशेजारी उभी राहिले तेव्हा पाहिले, की ती बरोबर आलेले उत्तरही खोडरबरने पुसून पुन्हा लिहीत होती. कागद झिजून पलीकडचे दिसायला लागले की ती पान काढून टाकी आणि पहिल्यापासून सुरुवात करी. मधल्या सुट्टीत डबा अर्धा ठेवून तेच काम चाले. रविवारी संध्याकाळी तिचे पोट दुखते, असे आईने सांगितले. दवाखाना झाला, सोनोग्राफी झाली, जंतांचे औषध झाले. त्या मुलीचे नाव कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही यादीत घातले नसते, कारण तिच्यामुळे कुणाला त्रास नव्हता. उलट शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तिच्याकडून शाळेला आशा होती.

म्हणून माझा धागाकर्त्यांना प्रश्न असा, की तुमची समिती ‘किती’ विचारते आहे, ते शाळेला होणाऱ्या त्रासाचे मोजमाप हवे आहे म्हणून, की मुलांना होणाऱ्या त्रासाचे?

तालीमकर_काका

मी निवृत्त शिक्षक आहे. धाग्यावरील चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरीही एक विरोधी सूर नोंदवतो. आमच्या काळी मूल वांड असले की त्याला तालमीत नाहीतर फुटबॉलच्या मैदानावर धाडत असत आणि दोन वर्षांत ते मार्गी लागे. आज त्याच मुलाला तीन अक्षरी इंग्रजी नाव मिळते आणि ते नाव दहावीपर्यंत त्याच्या मागे लागते. मूल चंचल असणे, हट्टी असणे, परीक्षेला घाबरणे, अंधारात बाहेर जायला नको म्हणणे हे सगळे जर ‘समस्या’ या रकान्यात गेले, तर चारात एक कशाला, चारात चार निघतील. आजाराचे प्रमाण वाढले आहे की नाव देणाऱ्यांचे, हे आधी कुणीतरी सांगावे. शिवाय एकदा मुलाला ‘तसला’ ठरवले की शिक्षकही त्याच्याकडून अपेक्षा सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

मनोमन

मी बालमानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. तालीमकर काकांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर निदानाच्या पद्धतीतच आहे.

कुठलेही लक्षण सुटे पाहिले तर ते अर्ध्या वर्गात सापडेल. निदानासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात. ते वागणे त्या वयाला साजेसे आहे का. ते पुरेसा काळ टिकले आहे का. आणि त्यामुळे मुलाचे शिकणे, झोप, मैत्री किंवा घरातले दिवस खरोखर अडले आहेत का. अतिचंचलतेच्या बाबतीत तर ते वागणे घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावे लागते. फक्त एकाच सरांच्या तासाला उठून फिरणारे मूल हा बहुधा त्या तासाचा प्रश्न असतो. वयाचे उदाहरण घ्यायचे तर अंथरूण ओले होणे पाहा. पाचव्या वर्षी साधारण ५ ते १० टक्के मुलांत ते आढळते, दहाव्या वर्षी ३ ते ५ टक्के आणि पंधरा वर्षांपुढे एक टक्क्याच्या आसपास. पाचव्या वर्षी त्याची घाई करण्याचे कारण नसते, आणि सहलीला जायला नकार देणाऱ्या सातवीतल्या मुलाला मात्र कुणीतरी खासगीत विचारायला हवे असते.

तिसरा निकष किती महत्त्वाचा आहे हे धागाकर्त्यांनी उल्लेखलेल्या बंगळुरूच्या अभ्यासातच दिसते. त्यात ४ ते १६ वयाच्या मुलांत निदानाचे प्रमाण १२ टक्के होते. पण ज्यांच्या दैनंदिन जगण्यात ठळक अडथळा येत होता अशी मुले ५.३ टक्के होती. म्हणजे लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले कशीबशी का होईना निभावून नेत होती. काका, आपण जी तालमीत मार्गी लागलेली मुले पाहिली, त्यांतली बरीच या गटातली असणार, आणि मैदान, उस्ताद, सवंगडी यांचा त्यांना खरोखर फायदा झाला असणार. जी मार्गी लागली नाहीत ती मात्र बहुतेक शाळेतून गळाली, आणि गळालेल्या मुलांची आठवण शिक्षकांना कमी राहते.

त्याच अभ्यासातली दुसरी बाब मला अधिक अस्वस्थ करते. अडचण आढळलेल्या मुलांच्या घरांपैकी फक्त ३७.५ टक्के घरांना आपल्या मुलाला काही त्रास आहे असे वाटत होते. नाव देणारे वाढले म्हणून आकडे फुगले, हे काही शहरी घरांबाबत खरे असेलही, पण बहुतांश घरांत मुलाच्या त्रासाला अजून नावच मिळालेले नाही.

प्रकारांविषयी थोडेसे. जगभरातील अभ्यासांचे २०१५ मध्ये जे एकत्रीकरण झाले, त्यात एकूण प्रमाण १३.४ टक्के आले. त्यात सर्वाधिक वाटा चिंतेच्या विकारांचा, म्हणजे ६.५ टक्के, त्याखालोखाल मोडतोड, आक्रमकता, सततचा विरोध अशा वर्तनविकारांचा ५.७ टक्के, अतिचंचलता व अवधानाचा अभाव ३.४ टक्के आणि नैराश्य २.६ टक्के. एका मुलात दोन अडचणी असू शकतात, म्हणून यांची बेरीज एकूण आकड्याहून जास्त होते. फळा_खडू ताईंनी वर्णन केलेली मुलगी ज्या गटात मोडण्याची शक्यता आहे तोच गट सर्वांत मोठा आहे आणि वर्गात तोच सर्वांत कमी दिसतो. लहान वयात वर्तनाच्या अडचणी मुलग्यांमध्ये अधिक असतात. वयात येताना भावनिक अडचणी मुलींमध्ये वाढतात आणि त्यानंतर नैराश्याचे प्रमाण मुलींत मुलग्यांच्या सुमारे दुप्पट होते.

नदीकाठ

आमचे गाव करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दोन्ही वेळा गाव सोडावे लागले. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडच्या दुसरी-तिसरीतल्या मुलांनाही पाढ्यासारखे पाठ आहे.

माझा पुतण्या पहिल्या पुराच्या वेळी पहिलीत होता. अजूनही जुलै लागला, की शाळेतून आल्यावर दप्तर न ठेवता आधी मोबाइल मागतो आणि ‘आज किती फूट’ ते पाहतो. रात्री पावसाचा जोर वाढला तर उठून जनावरे जागेवर आहेत का ते बघून येतो. पावसाळ्यात त्याचे गुण उतरतात आणि शाळेतून ‘लक्ष नाही’ असा शेरा येतो. दिवाळीनंतर हेच मूल सुरळीत असते. माझा प्रश्न असा, की शाळेतली पाहणी जानेवारीत केली तर हा मुलगा आकड्यात येणार नाही आणि ऑगस्टमध्ये केली तर येईल. यांतले खरे कोणते मानायचे?

मनोमन

@नदीकाठ, दोन्ही खरे आहे. एसडीक्यूसारख्या प्रश्नावलीत गेल्या सहा महिन्यांविषयी विचारतात, ते याच कारणाने. तरीही उत्तर देणाऱ्याला अलीकडचे दिवस अधिक आठवतात. आपत्तीतून गेलेल्या बहुतेक मुलांची भीती घर, शाळा आणि दिनक्रम सावरला की आपोआप ओसरते. काहींची ओसरत नाही, आणि ठरावीक ऋतूत ती पुन्हा डोके वर काढते. आपल्या पुतण्याला पाण्याची पातळी पाहण्यापासून रोखू नका. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी मोठ्या माणसाबरोबर पाहायची आणि पाणी वाढले तर आपण काय करायचे ते त्याच्याबरोबर आधीच ठरवायचे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. झोप फारच मोडत असेल तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवून घ्यावे. वर्गशिक्षकांना ही पार्श्वभूमी माहीत आहे का?

नदीकाठ

नाही, आम्ही कधी सांगितले नाही. यंदा सांगतो.

शिरोळ_फाटा

पाहणी कधी केली यावर चर्चा झाली. पाहणी कुणाची केली यावरही व्हावी. शाळेतल्या अभ्यासात त्या दिवशी हजर असलेली मुलेच मोजली जातात. आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर आलेली मुले फडावर धाकट्या भावंडांना सांभाळतात, काही जवळच्या शाळेत जेमतेम टेकतात आणि मार्चअखेर निघून जातात. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या घरांतली मुले सकाळच्या शाळेत डुलक्या घेतात, आणि जी फार मागे पडतात ती यायची थांबतात. ज्यांना त्रास असण्याची शक्यता जास्त, तीच मुले पाहणीच्या दिवशी गैरहजर. त्यामुळे शाळेतला आकडा कितीही मोठा दिसला तरी त्याच्या बाहेर काही मुले राहतातच, एवढे लक्षात ठेवावे.

आठवीची_आई

यात एक गट वेगळा सांगावासा वाटतो. माझा मुलगा चौथीपर्यंत ‘आळशी’ होता, पाचवीत ‘उद्धट’ झाला आणि सहावीत त्याने वर्गात बाक आपटला. तोंडी विचारलेले सगळे येत होते, पण लिहिताना अक्षरे उलटसुलट होत आणि फळ्यावरचे उतरवून घेताना तास संपत असे. शाळेने आम्हाला बोलावले ते बाक आपटल्यावर. त्याच्या अक्षरांबद्दल त्याआधी कुणी बोलावले नव्हते. तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली. आज त्याला परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, आणि त्यानंतर बाक आपटण्याचा प्रसंग आलेला नाही.

दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात, हे बहुतेक पालकांना नववीत कळते. तोपर्यंत मुलाची पाच-सहा वर्षे बोलणी खाण्यात जातात. वर्तनाच्या अडचणी मोजताना त्याखाली अभ्यासातली अडचण दडलेली आहे का, हे पाहिल्याशिवाय आकडा पुढे नेऊ नये असे मला वाटते.

तालीमकर_काका

ताईंचा अनुभव वाचला. माझ्या नोकरीच्या काळात असे मूल आले असते तर बहुधा मीही आळशीच म्हटले असते. तरीही नावे देण्याविषयीची माझी धास्ती कायम आहे. शाळेने प्रश्नावली वाटली, गुण काढले आणि ‘वरच्या गटातली’ मुले फळ्यावर आली, तर त्याला आवर कोण घालणार?

अंशछेद

काकांची धास्ती आकड्यांतही दिसते. समजा, एका तालुक्यातल्या १००० मुलांपैकी १०० जणांना खरोखर अडचण आहे. प्रश्नावली अशी, की ती अडचणीतल्या ७० टक्के मुलांना पकडते आणि ठीक असलेल्या ९० टक्के मुलांना ठीकच म्हणते. ही कामगिरी वाईट नाही. आता हिशेब करू. अडचणीतली ७० मुले पकडली जातील आणि ३० निसटतील. ठीक असलेल्या ९०० पैकी ९० मुलांवर विनाकारण खूण होईल. एकूण खूण झालेली मुले १६०, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक प्रत्यक्षात ठीक. म्हणून प्रश्नावलीचा गुण हा ‘या मुलाशी आणि घरच्यांशी एकदा निवांत बोलावे’ एवढ्याच अर्थाचा धरायचा असतो. त्या बोलण्याची सोय नसेल तर प्रश्नावली वाटूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताज्या बातम्यांतल्या आकड्यांबाबतही हेच. करोनाकाळातल्या जगभरच्या अभ्यासांच्या २०२१ मधील एकत्रीकरणात नैराश्याची लक्षणे २५.२ टक्के आणि चिंतेची लक्षणे २०.५ टक्के मुलांत आढळली. ते लक्षणांचे प्रमाण होते, निदानाचे नव्हे. पण मथळ्यात हा फरक कधीच येत नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये पौणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण म्हणून सांगितले. त्यावरून ८१ टक्के मुले आजारी आहेत असे कुणी म्हणणार नाही. शिष्यवृत्ती, नवोदय, सैनिकी शाळा, मग नीट आणि जेईई अशी रांग लावणाऱ्या आपल्या जिल्ह्याने त्या ८१ टक्क्यांकडे वेगळ्या कारणासाठी बघायला हरकत नाही.

करवीरकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आता तरतुदीचा प्रश्न. ४०० च्या पटावर जगण्यात ठळक अडथळा असलेली साधारण २० मुले आणि लक्षणे असलेली, लक्ष ठेवण्याजोगी धरून ५० च्या आसपास, असा अंदाज मी बंगळुरूच्या आकड्यांवरून बांधतो आहे. हे योग्य ठरेल का? आणि हे काम शिक्षकांनीच करावे, की बाहेरचा माणूस नेमावा? पूर्ण वेळ समुपदेशक आम्हाला परवडणारा नाही.

मनोमन

नियोजनासाठी हा अंदाज चालेल. मात्र ५० नावांची यादी करायला बसू नका.

माणसाबद्दल एक पुरावा उपयोगी पडेल. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला आणि काही शाळांत त्यासाठीच प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसाने. जिथे स्वतंत्र माणूस होता तिथे शाळेचे वातावरण सुधारले, दादागिरी कमी झाली आणि नैराश्याची लक्षणेही उतरली. शिक्षकांनी राबवला तिथे असा फरक दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. वर्ग, शालेय पोषण आहार, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून त्यांना वेळ मिळणार कधी? शिवाय जो गुण देतो त्याच्यापाशी मूल मोकळे होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा किंवा त्याची सेवा घ्यायची आहे. तुमच्या ४०० च्या शाळेला ते लागू होते. आठवड्यातून दोन दिवस येणारी व्यक्ती दोन-तीन शाळांनी मिळून घेतली तर खर्चाची वाटणी होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्याच्या तपासणीत वजन-उंचीबरोबर शिकण्याच्या आणि वागण्याच्या अडचणीही येतात, फक्त त्या पथकापुढे वर्गशिक्षकाने मूल आणून उभे करावे लागते. पालकांसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक शाळेच्या सूचना फलकावर लावावा. तिथे मराठीत बोलता येते.

फळा_खडू

एक व्यावहारिक शंका. समुपदेशक आले, त्यांनी मुलाशी बोलून काही लिहिले. तो कागद कुठे राहणार? आमच्याकडे सगळे कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली असते.

मनोमन

तो कागद शाळेच्या दफ्तरात नकोच. समुपदेशकाच्या नोंदी समुपदेशकाकडे कुलूपबंद राहाव्यात. वर्गशिक्षकाला फक्त वर्गात काय करायचे तेवढे कळवावे, म्हणजे ‘पुढच्या बाकावर बसवा’, ‘मोठ्याने वाचायला एकदम उभे करू नका’, ‘लिहायला दहा मिनिटे जास्त द्या’. निदानाचे नाव कळवण्याची गरज बहुतेक वेळा नसते. पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. निकालपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि जनरल रजिस्टर यांत याचा एक शब्दही जाता कामा नये. मुलाच्या जिवाला धोका आहे असे दिसले तर मात्र गुप्तता बाजूला ठेवून पालकांना त्याच दिवशी सांगायचे, हेही मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचे.

तालीमकर_काका

एवढे लेखी असेल तर माझा विरोध नाही. आमच्या पेठेतल्या तालमीची वरची खोली दुपारी रिकामी असते. शाळेत बोलायला मुले लाजत असतील तर ती खोली वापरावी. मंडळाशी मी बोलतो.

करवीरकर (धागाकर्ता)

काका, आपला निरोप समितीपुढे ठेवतो. शनिवारच्या बैठकीसाठी मसुदा तयार केला आहे. त्यात शेजारच्या दोन शाळांबरोबर मिळून आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक, नोंदी शाळेच्या दफ्तरात न ठेवण्याचे कलम, पालकांच्या संमतीचा नमुना, आणि वागण्याची तक्रार आलेल्या प्रत्येक मुलाचे वाचन-लेखन आधी तपासण्याची सूचना घातली आहे. यंदा प्रश्नावली वाटायची नाही, असे लिहिले आहे. आणि वर्गशिक्षकांनी दर महिन्याला एक नाव असे द्यायचे, ज्याची कुणीही तक्रार केलेली नाही. संमतीचा नमुना कुणाकडे तयार असल्यास कृपया इथे द्यावा.